‘परवानगी नाही’ म्हणणारी फाइल: घरच्या कॉम्प्युटरवरच्या होस्ट्स फाइलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीच्या एक वहिनी घरबसल्या डीटीपीची कामं करतात. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बारशाची कार्डं, निवडणूक लागली की हँडबिलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही बारीकसारीक तपशील गाळले आहेत. यजमान साखर कारखान्यात हंगामी नोकरीला, मुलगी बारावीला. घरात कॉम्प्युटर एकच. वहिनींची डिझाइनं, मुलीचा अभ्यास, वीजबिल, नेट बँकिंग, सगळं त्याच्यावरच.

हा कॉम्प्युटर त्यांनी सेकंडहँड घेतला होता. मूळचा कुठल्या तरी ऑफिसातला, चांगल्या कंपनीचा, अजूनही दणकट. दुकानदारानं देताना सांगितलं होतं, “सगळं टाकून दिलंय, नुसतं चालू करा.” त्या ‘सगळं’मध्ये एका परदेशी कंपनीचं महागडं डिझाइन सॉफ्टवेअरही होतं आणि ते क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवून फुकट चालवलेलं होतं. वहिनींना याचा पत्ता नव्हता. चिन्हावर दोनदा क्लिक केलं की ते उघडायचं, पत्रिका बनायची, प्रेसला फाइल जायची. शंका यावी असं त्यात काहीच नव्हतं. श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर तेवढं त्यांचं स्वतःचं, रीतसर पैसे देऊन घेतलेलं, डोंगलसकट (कॉम्प्युटरला लावायची त्याची किल्ली).

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची कामं सुरू झाली. सांगलीतल्या एका मोठ्या प्रेसनं वहिनींना बारमाही काम देऊ केलं, पण फाइल नव्या आवृत्तीतलीच हवी अशी अट घातली. वहिनींनी विचार करून त्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन स्वतःच्या कमाईतून घेतलं. जुनं काढून टाकलं, नवं उतरवून घेतलं. साइन-इन करायची वेळ आली आणि गाडी तिथंच अडली.

अडचण

सॉफ्टवेअर म्हणत होतं, सर्व्हरशी संपर्क होत नाही, इंटरनेट तपासा. इंटरनेट तर व्यवस्थित चालू होतं, मुलगी त्याच कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघत होती. त्या कंपनीची लायसन्सची वेबसाइट उघडायला गेलं तर ब्राउझरमध्ये कोरं पान आणि खाली ‘जोडणी नाकारली’ असा मजकूर. मग मुलीनं सहज तीच साइट मोबाइलवर उघडून पाहिली. घरातलंच वायफाय, आणि मोबाइलवर ती लगेच उघडली.

मुलीच्या या एका कृतीनं अर्धं निदान झालं. ब्रॉडबँड ठीक, राउटर ठीक, कंपनीचा सर्व्हरही ठीक. दोष होता तो या एका यंत्राच्या आत, आणि तोही ठरावीक नावांपुरता. अशा वेळी पहिला संशय होस्ट्स फाइलवर जातो.

ही फाइल काय करते ते थोडक्यात. ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाकलं की कॉम्प्युटर त्या नावाचा आकडी पत्ता शोधतो. आज हे काम डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्त्यांची व्यवस्था, करतं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. त्याआधी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाच्या काळात जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच साध्या फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे ती यादी सांभाळण्याचं काम होतं, आणि बाकीचे तिथून तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली, यादी आवरेना, डीएनएस आलं. यादीचा घरगुती अवशेष मात्र प्रत्येक कॉम्प्युटरवर राहिला. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह, मग विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स आणि इटीसी, अशा पाच पायऱ्या उतरल्या की ती सापडते. नाव नुसतं ‘होस्ट्स’, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन नाही.

एवढ्या जुन्या फाइलीकडे आजही एक मोठा अधिकार आहे. कॉम्प्युटर आधी तिला विचारतो, मग डीएनएसला. एखाद्या नावापुढे तिच्यात १२७.०.०.१ लिहिलं असेल, तर यंत्र त्या साइटला स्वतःच्याच आत शोधत बसतं आणि तिथं काहीच सापडत नाही. क्रॅक करणारे हेच करतात. लायसन्स तपासणाऱ्या सर्व्हरांची नावं या फाइलीत घालून ठेवतात, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत पोहोचतच नाही. वहिनींनी पैसे भरून घेतलेलं खरं सॉफ्टवेअर जुन्या खोट्यासाठी घातलेल्या त्या बंधाऱ्यावर अडकलं होतं.

घरात आधी झालेले प्रयत्न

वहिनींनी कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं ते बरोबर होतं, पण अपुरं. होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा, आमच्या नावाच्या ओळी काढा, सेव्ह करा. वहिनींनी तसं केलं. सेव्ह करताना विंडोजनं सांगितलं, या जागी सेव्ह करायची तुम्हाला परवानगी नाही, त्याऐवजी डॉक्युमेंट्समध्ये करू का? त्यांनी ‘हो’ म्हटलं, मग डॉक्युमेंट्समधली ती फाइल उचलून इटीसीमध्ये नेऊन ठेवली. तिथं ‘प्रशासकाची परवानगी लागेल, पुढे जायचं?’ असा प्रश्न आला, त्यालाही ‘हो’ म्हटलं. फाइल गेली. साइट तरीही उघडेना.

मी गेलो तेव्हा इटीसी फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. एकाच फोल्डरात एका नावाच्या दोन फाइली राहूच शकत नाहीत. एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला सांगितलं आणि उलगडा झाला. एक नुसती ‘होस्ट्स’, दुसरी ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’. नोटपॅड आपल्या सवयीनं टीएक्सटी जोडतं आणि विंडोज आपल्या सवयीनं ते लपवतं. वहिनींनी साफ केलेली फाइल विंडोज कधी वाचतच नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरवर होस्ट्स फाइलशी झुंजणारी बरीच माणसं याच ठिकाणी अडकतात, आणि कंपनीच्या मदतीच्या ईमेलात याबद्दल अवाक्षर नव्हतं.

दरम्यान पुण्याच्या भाच्यानं फोनवर सल्ला दिला होता, “मावशी, फाइलची ओनरशिप घे, एव्हरीवनला फुल कंट्रोल दे, अँटिव्हायरस बंद कर, मग होईल सेव्ह.” शिवाय इंटरनेटवर शोधून सापडलेल्या एका ‘कस्टमर केअर’ नंबरवर यजमानांनी फोन लावला, तर पलीकडचा माणूस आधी स्क्रीन शेअर करायचं ॲप टाका म्हणाला. यजमानांनी फोन ठेवून दिला. ते फार शहाणपणाचं केलं त्यांनी. असे नंबर पुष्कळदा बनावट असतात. त्यात पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तासाभराच्या आत कळवणं महत्त्वाचं असतं. इथं तशी वेळ आली नाही.

पर्याय काय होते

मी पोहोचलो त्या संध्याकाळी टेबलावर चार पर्याय होते.

पहिला, भाच्यानं सांगितलेला. कुलूप तोडायचं, सगळ्यांना पूर्ण अधिकार द्यायचे. काम पाच मिनिटांत झालं असतं. पण ही फाइल संरक्षित का ठेवतात याचं उत्तर मायडूम या वर्मसारख्या (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) उदाहरणांत आहे. २००४ साली त्या वर्मच्या एका अवतारानं लोकांच्या होस्ट्स फाइलीत अँटिव्हायरस कंपन्यांची आणि मायक्रोसॉफ्टची नावं घालून त्या साइटच बंद करून टाकल्या होत्या. उपचारासाठी जायचा रस्ताच अडवला. फाइलवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ लावलं की असं काही करायला उद्याच्या कुठल्याही प्रोग्रामला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

दुसरा, फाइल नीट अधिकारानं उघडून फक्त त्या ओळी काढायच्या.

तिसरा, सरळ फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकायची. यावर वहिनी एकदम घाबरल्या. “भावजी, श्रीलिपी परत चालेल का? आणि शुक्रवारी पत्रिका द्यायचीय.” हातातलं काम अर्धवट होतं आणि वधूकडच्या मंडळींनी मजकूर नुकताच पक्का केला होता.

चौथा, हा कॉम्प्युटर बाजूला ठेवून दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअर चालू करायचं. पण घरात दुसरं यंत्र नव्हतं आणि उसनं मिळालं तरी फॉन्टचा प्रश्न होताच.

पहिला निर्णय: आधी वाचायचं, मग लिहायचं

कुठलाही पर्याय निवडण्याआधी मी फाइल नुसती वाचली. वाचायला कुणालाच बंदी नसते, संरक्षण असतं ते लिहिण्यावर. नोटपॅडमध्ये उघडली तर वरवर सगळं नेहमीसारखं. मायक्रोसॉफ्टची ठरावीक माहिती, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते चौकटीसारखं हॅशचं चिन्ह, उदाहरणादाखल दोन पत्ते, आणि मग कोरं. वहिनी म्हणाल्या, “यात तर काहीच नाही.” ईमेल वाचून त्यांनी फाइल उघडली तेव्हा त्यांनाही एवढंच दिसलं होतं. त्यांनी काढल्या त्या ओळी म्हणजे हॅशवाल्या, मुळात निरुपद्रवी.

पण उजवीकडच्या स्क्रोलच्या पट्टीतला ठोकळा अगदी चिमुकला होता. वीसेक ओळींच्या फाइलीत तो इतका लहान होत नाही. तो खाली ओढत नेला. कोरं, कोरं, कोरं, आणि पार तळाशी ओळींचा गठ्ठा. कुणी तरी मुद्दाम शेकडो रिकाम्या ओळी घालून खरा मजकूर नजरेआड केला होता. ही जुनी चलाखी आहे. फाइलचा आकार पाहिला असता तरी ती पकडता आली असती, कारण मूळ फाइल एक केबीच्या आतली असते.

त्या गठ्ठ्यात डिझाइनच्या कंपनीच्या सर्व्हरांची नावं होती, ते अपेक्षितच. त्याखाली दोन अँटिव्हायरस कंपन्यांच्या अपडेटच्या साइटांची नावंही होती. इथं प्रकरणाचा रंग बदलला. लायसन्स चुकवण्यासाठी अँटिव्हायरस अडवायची गरज काय? एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. पण फाइलीत लिहिणाऱ्याला आपण पकडलं जाऊ नये असं वाटत होतं, एवढं नक्की.

मग कमांड प्रॉम्प्टवर दोन गोष्टी तपासल्या. लायसन्स सर्व्हरच्या नावाला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, तर उत्तर आलं १२७.०.०.१ वरून. तेच नाव एनएसलुकअपला विचारलं तर खरा, बाहेरचा पत्ता मिळाला. एनएसलुकअप होस्ट्स फाइलकडे बघत नाही, थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. दोन उत्तरांत फरक पडला की अडथळा यंत्राच्या आत आहे हे पक्कं. ही तपासणी कुणीही करू शकतं आणि तिच्यानं काही बिघडत नाही.

फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली. आणि घरात सांगितलं की आतापासून या यंत्रावर बँकेची कामं बंद, ईमेलचा पासवर्डही इथं टाकायचा नाही. यजमानांनी मोबाइलवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदलला. ईमेल आधी, कारण बाकीचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हटल्यावर ईमेलवरच येतात.

कुलुपं किती आणि कुणाची

‘परवानगी नाही’ हा संदेश घरच्या माणसाला एकसारखाच वाटतो. त्यामागे वेगवेगळी कारणं असतात, आणि कुठलं कुलूप कुणी लावलंय हे कळल्याशिवाय किल्ली ठरत नाही.

पहिलं कुलूप विंडोजचं स्वतःचं. आपलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असलं तरी रोजचे प्रोग्राम साध्या अधिकारानंच चालतात. व्हिस्टापासून ही पद्धत आहे. म्हणून नोटपॅड आधी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं चालू करायचं, आणि मग त्यातूनच फाइल उघडायची, ‘ऑल फाइल्स’ निवडून. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडली तर तो अधिकार मिळत नाही. हे कुलूप चांगलं आहे. ते तोडायचं नसतं, रीतसर उघडायचं असतं.

ते उघडलं तरी सेव्ह होईना. दुसरं कुलूप: फाइल ‘रीड-ओन्ली’ केलेली होती. प्रॉपर्टीजमधली खूण काढायला गेलो तर तिथंही नकार. कारण त्याच्याही आत तिसरं कुलूप होतं. ‘सिक्युरिटी’च्या पानावर ‘एव्हरीवन’ या नावापुढे ‘डिनाय – राइट’ असं लिहिलेलं होतं. मूळ विंडोजमध्ये तिथं असं काही नसतं. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्सना पूर्ण अधिकार, साध्या वापरकर्त्यांना वाचण्याचा, एवढंच. विंडोजच्या हिशेबात थेट लावलेली मनाई ही परवानगीवर मात करते, आणि ‘एव्हरीवन’मध्ये ॲडमिनिस्ट्रेटरही आला.

म्हणजे दुसरं आणि तिसरं कुलूप क्रॅकवाल्याचं होतं. आपण लिहिलेल्या ओळी कुणी पुसू नयेत म्हणून लावलेलं. भाच्याच्या सल्ल्यानं तिन्ही एकदम उडाली असती, विंडोजचं चांगलं कुलूपसुद्धा. आम्ही आधी ती मनाईची एकच नोंद काढली, मग रीड-ओन्लीची खूण. हा क्रम उलटा चालत नाही. अधिकार कुणालाही वाढवून दिले नाहीत, ओनरशिप घ्यावीच लागली नाही.

मग फाइलीतल्या सगळ्या चालू ओळी काढल्या, फक्त कंपनीच्या नव्हे. हा निर्णय या घरापुरता बरोबर होता, कारण इथं कुणीही जाणूनबुजून त्या फाइलीत काही लिहिलेलं नव्हतं. जिथं कुणी प्रोग्रामिंग करतं, घरातल्या सर्व्हरला नाव दिलेलं असतं किंवा जाहिराती अडवायला ओळी घातलेल्या असतात, तिथं असं सरसकट पुसलं तर नवी अडचण उभी राहते. ती जादाची टीएक्सटी फाइलही काढली. ‘आयपीकॉन्फिग’ला ‘फ्लशडीएनएस’ सांगितलं, म्हणजे यंत्रानं लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. साइट उघडली, साइन-इन झालं, सॉफ्टवेअर चालू झालं. वहिनींनी लगेच पत्रिका उघडली आणि गणपतीचं चित्र जागेवर बसवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी फोन आला. कॉम्प्युटर चालू केला तर कंपनीची साइट पुन्हा बंद. फाइल उघडून तळाशी जा म्हटलं, तर ओळी परत आलेल्या. मनाईही परत लागलेली.

हे घडू शकतं याचा अंदाज होता. अँटिव्हायरसची नावं दिसली तेव्हाच फॉरमॅट करावं लागेल असं मी सांगितलं होतं. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, पाहिलं तर ‘अपडेट’ असं साळसूद नाव असलेलं एक काम सापडलं. लॉग-इन होताच, वरच्या अधिकारानं चालणारं. ते प्रोग्रामडेटा या लपवलेल्या फोल्डरातली एक बॅच फाइल चालवत होतं. बॅच फाइल म्हणजे साधा मजकूर, म्हणून ती न चालवता नोटपॅडमध्ये उघडून वाचली. जेमतेम पाच ओळी. मनाई काढ, रीड-ओन्ली काढ, शेजारची तयार होस्ट्स फाइल इटीसीमध्ये टाक, रीड-ओन्ली लाव, मनाई लाव. आदल्या संध्याकाळी आम्ही हातानं जे केलं, तेच ही फाइल रोज करत होती, फक्त शेवटी पुन्हा कुलपं घालून.

मग विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसनं, डिफेंडरनं, हे का पकडलं नाही? होस्ट्स फाइलमध्ये अशी ढवळाढवळ दिसली की डिफेंडर ‘होस्ट्स फाइल हायजॅक’ या नावाखाली इशारा देतं. त्याच्या सेटिंगमध्ये गेलो. ‘एक्स्क्लुजन्स’च्या यादीत, म्हणजे ‘इकडे बघू नकोस’ या यादीत, अख्खा सी ड्राइव्ह घातलेला होता. घराला राखणदार होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलेलं होतं.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच. होस्ट्सच्या ओळी दिसतात, पुसता येतात. पण एवढा काळ संपूर्ण ड्राइव्ह तपासणीबाहेर राहिला, तर त्यात आणखी काय येऊन बसलंय हे कुठल्याही एका स्कॅननं छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरा निर्णय: पत्रिका आधी की फॉरमॅट आधी

इथं दोन बाजू होत्या आणि दोन्हींत वजन होतं. लगेच फॉरमॅट करायचं तर प्रेसची तारीख चुकली असती, आणि नव्यानं मिळालेलं काम पहिल्याच खेपेला हातचं गेलं असतं. थांबायचं तर संशयित यंत्र आणखी दोन-तीन दिवस चालू राहणार.

ठरलं ते असं. ते शेड्युल्ड काम बंद करायचं, होस्ट्स पुन्हा साफ करायची, डिफेंडरची ‘बघू नकोस’ यादी रिकामी करून ऑफलाइन स्कॅन (विंडोज चालू होण्याआधीच होणारी तपासणी) चालवायचा, आणि शुक्रवारपर्यंत या यंत्रावर फक्त पत्रिकेचं काम करायचं. बँक नाही, ईमेल नाही, मुलीचा अभ्यास मोबाइलवर. फाइल प्रेसला पेन ड्राइव्हनं न देता पीडीएफ करून गूगल ड्राइव्हच्या लिंकनं द्यायची, त्यासाठी वहिनींनी वेगळं, रिकामं खातं काढलं. प्रेसच्या यंत्रांत आपल्याकडून काही जाऊ नये ही जबाबदारीही होतीच. ऑफलाइन स्कॅनमध्ये जुन्या क्रॅकचे उरलेले तुकडे सापडले, ते काढले गेले.

इथं वेगळा निर्णय घेता आला असता. घरात बँकेचे व्यवहार मोबाइलवर हलवता आले नसते किंवा पासवर्ड बदलायला दुसरं यंत्र नसतं, तर मी पत्रिकेची तारीख पुढे ढकलायचाच आग्रह धरला असता.

पत्रिका शुक्रवारी गेली. रविवारी फॉरमॅट.

फॉरमॅट आणि नंतर

वहिनींची भीती होती तिथं आधी लक्ष दिलं. डिझाइनच्या फाइली, पीडीएफ, फोटो आणि गिऱ्हाइकांचा मजकूर एवढंच बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं. एकही प्रोग्राम किंवा इन्स्टॉलर जुन्या ड्राइव्हवरून उचलला नाही. ती हार्ड डिस्क दुसऱ्या यंत्रावर स्कॅन केली. श्रीलिपीचा मूळ इन्स्टॉलर, नोंदणीची माहिती आणि डोंगल हाताशी आहे याची खात्री फॉरमॅटच्या आधी केली, नंतर नव्हे.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घेतलं. यंत्र विंडोज ११ चालण्याइतकं नवं निघालं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला असल्यानं ११ टाकणंच योग्य होतं. आता विंडोजची किल्ली आणायची कुठून, ही यजमानांची चिंता. पण मूळ कंपनीनं विकलेल्या अशा यंत्रात विंडोजची किल्ली मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. इंटरनेट जोडलं आणि विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट झाली. दुकानदारानं या कॉम्प्युटरवर काहीच चोरीचं टाकायची गरज नव्हती, निदान विंडोजपुरती तरी.

नवीन मांडणीत दोन खाती ठेवली. एक ॲडमिनिस्ट्रेटरचं, त्याचा पासवर्ड यजमानांच्या डायरीत. रोजचं काम साध्या खात्यावर. आता काही टाकायचं म्हटलं की पासवर्ड विचारला जातो. मुलीला त्याचा कंटाळा येतो, वहिनींना दिलासा वाटतो. श्रीलिपी पहिल्याच खेपेला चालली. डिझाइनचं सॉफ्टवेअर साइन-इन झालं. होस्ट्स फाइल उघडून पाहिली, हॅशच्या ओळींखेरीज तिच्यात काही नाही. महिन्यानंतर पुन्हा पाहिली तेव्हाही नव्हतं. बँकेच्या खात्यातून काही गेल्याचं आढळलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी खरेदीच्या दिवशी. सेकंडहँड यंत्र घरी आल्यावर दुकानदारानं ‘टाकून दिलेलं’ वापरण्याऐवजी विंडोज कोरी करून घेतली असती, तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं. किल्ली यंत्रातच होती.

कंपनीच्या मदतीच्या ईमेलात तीन गोष्टी असत्या तर वहिनींचे दोन दिवस वाचले असते: नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, फाइल पार तळापर्यंत बघा, आणि सेव्ह केल्यावर टीएक्सटी तर जोडलं गेलं नाही ना ते पाहा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनांच्या संचात होस्ट्स फाइलसाठी वेगळा एडिटर आहे, त्यानं टीएक्सटीचा गोंधळ टळतो. ज्यांना ही फाइल वरचेवर बदलावी लागते त्यांनी तो जरूर वापरावा. या घरात मात्र एकदाच्या कामासाठी आणखी एक प्रोग्राम टाकावासा वाटला नाही.

आणखी एक जागा तपासण्यासारखी होती आणि ती फॉरमॅटच्या आधी पाहूनही घेतली. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यात, टीसीपीआयपीच्या पॅरामीटर्सखाली ‘डेटाबेस पाथ’ नावाची नोंद असते. होस्ट्स फाइल कुठल्या फोल्डरातून वाचायची हे ती सांगते. कुणी ती बदलली तर इटीसीमधली फाइल कितीही स्वच्छ केली तरी विंडोज भलत्याच ठिकाणची वाचत राहतं. इथं ती जागच्या जागी होती. पण ‘फाइल साफ आहे तरी साइट अडते’ अशी तक्रार असेल, तर आधी तिथं बघावं.

दुकानदाराशी यजमान जाऊन बोलले. तो म्हणाला, सगळेच असं देतात. कॉपीराइट कायद्याच्या ६३बी कलमानुसार बेकायदा प्रतीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो, हे मी यजमानांना आधीच सांगितलं होतं, ते त्यांनी त्यालाही ऐकवलं. कलमातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वहिनींना माहीत नव्हतं. विकणाऱ्याला माहीत होतं, आणि त्यानं गिऱ्हाइकाला न सांगता तिच्या व्यवसायावर हा धोका ठेवला. मला यात सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

त्याच दुकानातून वहिनींच्या गल्लीत आणखी दोघांनी कॉम्प्युटर घेतलेत. एकाच्या घरी जाऊन पाहिलं. तीच होस्ट्स, तळाशी तोच गठ्ठा, डिफेंडरमध्ये सी ड्राइव्ह वगळलेला. त्यांनी डेटा काढून ठेवलाय आणि येत्या सुट्टीत विंडोज नव्यानं टाकायचं ठरलंय. दुसरे शिवणकामाचे हिशेब ठेवायला यंत्र वापरतात. ‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा’ असं त्यांचं म्हणणं. त्यांना निदान एवढं पटलं आहे, की तोवर त्या यंत्रावर बँक उघडायची नाही.